मामांचे नागपंचमीचे मोमो

सगळं जग एकाच उंड्यातून निघालंय, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे बायकोचे रहिमतपूरचे मामा. अशा माणसाला मी भरल्या घरात खोटं ठरवायला निघालो, ही माझी चूक आधीच सांगून टाकतो.

मामा फौजेत स्वयंपाकी होते. तिकडे डोंगरात कुठंतरी त्यांनी मोमो खाल्ला आणि तेव्हापासून पिठाच्या पारीत सारण भरणारा प्रत्येक देश त्यांचा सोयरा झाला. इटलीची राव्हिओली म्हणजे चौकोनी करंजी. जॉर्जियात खिंकाली नावाचा उकडलेला प्रकार शेंडीला धरून खातात आणि शेंडी ताटात ठेवतात, हे मोबाइलवर पाहिल्यावर तर त्यांनी मला भल्या पहाटे फोन केला. "शेंडी राखणारी माणसं हाईत, जावईबापू! लांबची असली तरी भावकीच की!" पुतण्यासाठी स्थळ बघायला गेले, तेव्हा मुलीकडं न बघता ताटातल्या मोदकाच्या कळ्याच निरखत बसले.

यंदा नागपंचमीला ते कुपवाडला आमच्याकडं आले. त्या दिवशी आमच्यात चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. मामांनी दिंडांशेजारी मोमो मांडले. आईचा चेहरा उतरला.

"आवं, उकडल्यालंच हाय," मामा म्हणाले. "नागोबा काय पासपोर्ट बघतोय व्हय?"

सगळे हसले. तेवढ्यात शेजारीण कुजबुजली, "आत मटण असंल बया." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठलो, सुरी आणली आणि सगळ्यांसमोर एक मोमो मधोमध कापला.

आत नुसता कोबी होता, ओबडधोबड, हातानं तोडलेला. मामा सकाळभर ओट्याशी काय करत होते, ते तेव्हा कळलं. त्या दिवशी घरात सुरी चालवली ती मी एकट्यानं.

मामांनी ताटली रुमालानं झाकली आणि संध्याकाळच्या एसटीनं ते गेले. त्यानंतर फोन नाही, व्हिडिओ नाही. "मामा चुलीकडं फिरकत न्हाईत म्हणं," बायको एकदा म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता निघून गेली.

परवा कोबीचा गड्डा घेऊन रहिमतपूर गाठलं. मामा सोप्यात बसले होते. "या," एवढंच म्हणाले. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि कोबीची पानं हातानं तोडायला लागलो. त्यांनी वाकून एक पान उचलून बघितलं.

"आवं, बारीक तोडा की. म्हशीला घालायचाय का?"

पानं बारीक करत मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी सुरी उचलली, ते चुकलं. तुमच्यावर संशय घेतला, ते त्याहून चुकलं. मला माफ करा."