हाक्याला गेलेली एकतीस माणसं

कान्हा मास्तरांना डाव्या कानानं ऐकू येत नसे. लहानपणी जव्हारला बीजगणित शिकताना गुरुजींनी विचारलं, "य म्हणजे किती?" पोराला सांगता आलं नाही. गुरुजींनी अशी थोबाडीत दिली, की कानातून रक्त आलं आणि तो कान कायमचा गेला. असल्या विद्वानांना लांबूनच नमस्कार! पुढे संस्थानानं जामसरकडच्या एका पाड्यावर त्यांना मास्तर नेमलं, तेव्हा त्यांनी शाळेतली छडी पहिल्याच दिवशी चुलीत घातली.

"य म्हंजे काय, मास्तर?" सुकऱ्याच्या चैतीनं विचारलं. शाळेतली सगळ्यात चलाख पोर ती.

"रानात वाघाचं नाव घेतेस का तू?"

"नाय बा!"

"म्हणून तो रानात नसतो का? तसाच य. किती ते ठाऊक नसलं, तरी आकडा असतोच. उलट्या पावली माग काढायचा."

"वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो," मागून बुध्या पुटपुटला आणि पोरं खिदळली.

त्या उन्हाळ्यात कुणी पाहुणा साहेब शिकारीला आला. संस्थानाच्या जमादारानं हाका घालायला, म्हणजे जनावर उठवून साहेबाकडे पिटाळायला, पाड्यावरचे बाप्ये वेठीला धरले. जो कचरला, त्याच्या पाठीवर चाबूक ओढला. पोरांनी पासष्ट दांडके तोडून दिले. एकमेकांवर आपटून रान उठवायला प्रत्येकाला दोन मिळाले, आणि तीन शाळेच्या ओट्यावर उरले. माणसं मात्र कुणी मोजली नाहीत. शिकारीला निघालेली माणसं मोजली, की रान त्यातलं एक ठेवून घेतं, अशी तिथली समजूत.

दुपारी साहेबाची गोळी वाघाच्या पोटात लागली. जनावर मेलं नाही, उलटून हाक्यावरच आलं. ओहळातल्या उंच गवतातून माणसं जीव घेऊन पळाली आणि काठावर येऊन कोसळली. कुणाची मांडी फाटली होती. पाणी पुरवायला जमादारानं पोरांसकट मास्तरांनाही आणलं होतं; ते सगळ्यांना पाजत फिरत होते.

"मास्तर, माझा बा दिसत नाय," चैती म्हणाली.

"सगळे आलेत! गप बस," जमादार खेकसला.

मास्तरांनी रीत मोडली. बोट करून हाक्याच्या माणसांची डोकी मोजली. तीस.

"चैते, गेले होते किती?"

चैतीनं रडत रडत धुळीत लिहिलं. दोन य आणि तीन, बरोबर पासष्ट. तीन काढले, बासष्ट राहिले. त्याचे अर्धे...

"एकतीस!" ती किंचाळली.

तेवढ्यात गवत हललं. वाघच, असं समजून साहेबानं बंदूक रोखली.

"थांबा! आत माणूस आहे!" मास्तर ओरडत धावले. जमादारानं बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर हाणला. रक्ताची गुळणी थुंकत मास्तर तसेच पुढे गेले आणि साहेबाच्या बंदुकीचं तोंड मुठीत धरून वर ढकललं. बार मुठीतच उडाला.

गवतातून सुकऱ्या सरपटत बाहेर आला. डोक्याची कातडी सोलून कपाळावर लोंबत होती, पण जीव शाबूत होता. वाघ त्याच्या मागेच मरून पडला होता. साहेब वाघ बघायला गेला. जमादारानं, साहेबाच्या बंदुकीला हात लावला म्हणून, रक्तानं भिजलेल्या मास्तरांना झाडाला बांधून वीस फटके मारले. नीचपणाला काही सीमा असते का? सुकऱ्याच्या तोंडात पाणी घातलं ते पोरांनी.

महिन्यानं मास्तर शाळेत आले. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली होती. पोरं एकटक त्या हाताकडे बघत बसली. त्यांची भीती मोडावी म्हणून मास्तर हसले. दात पडल्यामुळे हसूही वेगळंच दिसलं.

"पाचातले य गेले, दोन उरले. य किती? चैते, तू सांग."

चैती उठली. पुढे येऊन तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि हमसून हमसून रडायला लागली.

"मला येतंय," ती म्हणाली, "पन मी नाय सांगायची."