ड्रायव्हरबाईंचा पहिला प्रश्न

एकोणीस वर्षं बस चालवल्यावर गुडघ्यानं संप पुकारला, तेव्हा पन्नाशीत बाई कॉम्प्युटर दुरुस्ती शिकल्या. लोक हसले. हसू देत. धंदा बदलला तरी ड्रायव्हरबाई हे नाव राहिलं, आणि डेपोतली सवयही. ड्यूटीवर आल्या की आधी विचारायच्या, "काल गाडी कोणाच्या हातात होती?" कॉम्प्युटरसमोर बसतानाही तेच.

त्या दिवशी मात्र ते राहून गेलं. बाई पोचल्या तेव्हा भरतकामवाल्या काकूंनी आपल्या घराच्या दारातच आरडाओरडा मांडला होता. शाळेच्या बँडच्या टोप्यांवर मुलांची नावं भरायची होती, अकरा टोप्या बाकी, चार वाजता कार्यक्रम. अकरा मुलं बोडक्यानं उभी राहिली तर शाळेला तोंड कसं दाखवायचं? नावं भरायचा प्रोग्राम जुनापुराणा, नव्या कॉम्प्युटरला तो झेपेना. म्हणून बाईंनीच मागे नव्याच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला होता, व्हर्च्युअल मशीन म्हणतात तो. आज तोच उघडेना. पडद्यावर एकच ओळ : ड्रायव्हर मिळाला नाही.

"मिळाला नाही? या काय समोर बसल्यात!" कोचावरून काकूंचे दीर म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा हो!"

"यात नवीन काही घातलंत?" बाईंनी विचारलं.

"छे! मी कशाला घालू?"

बाईंनी व्हर्च्युअल मशीनचा प्रोग्राम काढला, पुन्हा बसवला. तेच. बंद करून चालू केला. तेच. बारा वाजले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःवरच चिडून विचारलं, "काल गाडी कोणाच्या हातात होती?"

काकूंनी दिरांकडे पाहिलं. दिरांनी पंख्याकडे.

"पत्ते खेळत होतो," ते म्हणाले. "फोनमधलेच, जुने! मोठ्या पडद्यावर आणले इतकंच. त्यासाठी नातीनं सांगितलेलं एक काहीतरी उतरवलं. अख्खा फोन दिसतो त्यात!"

"म्हणजे याच्या पोटात आता फोनही. आणि तो स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा छोटा प्रोग्राम, घेऊन आला. एका स्टिअरिंगला दोघं लोंबकळले तर गाडी हलेल कशी?"

बाईंनी तो फोन काढून टाकला. तरी ढिम्म!

"अहो, काढला ना?" काकू रडकुंडीला आल्या.

"गाडी सोडली, पण पठ्ठ्या किल्ली खिशात घालून गेलाय." बाईंनी लपलेल्या ड्रायव्हरांची यादी उघडली, पत्त्यांवाल्याला शोधून हाकललं, आपला नव्यानं बसवला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. जुन्या कॉम्प्युटरचं हिरवंगार चित्र उजळलं. काकूंनी बाईंचा चक्क गालगुच्चा घेतला, आणि भरतकामाचं मशीन खडखडू लागलं.

पावणेचारला अकरावी टोपी उतरली.

"आणि माझा डाव? जिंकत होतो मी!" दीर म्हणाले.

बाईंनी टोप्यांची पिशवी त्यांच्या गळ्यात अडकवली, हातात स्कूटरची किल्ली ठेवली. "पळा आता. आज ड्रायव्हर तुम्ही."