रिंगखालचं स्टूल

"रविवारी शहापूरला डंकची स्पर्धा आहे. मी नाव दिलंय," धाकट्या भावाने जेवताना सांगितलं, तेव्हा आईचा घास हातातच राहिला.

"डंक? विंचवाचा काय रे?"

तो हसला. बास्केटबॉलमध्ये उंच उडी मारून चेंडू वरून थेट रिंगेत कोंबायचा, त्याला डंक म्हणतात, हे त्याने तिला भाकरीच्या तुकड्यानिशी करून दाखवलं. मला हसू आलं नाही. मी त्याच्या उजव्या गुडघ्याकडे बघत होते. त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस मीच होते, आणि शुद्धीवर येता येता त्याने पहिला प्रश्न मलाच विचारला होता, "ताय, उडी मारता येईल ना गो?"

आम्ही वाढलो भातसानगरच्या वसाहतीत. वडील धरणावर नोकरीला. वसाहतीत सिमेंटचं बास्केटबॉलचं कोर्ट होतं आणि शेजारच्या काकांकडे केबल होती. अमेरिकेतली डंकची स्पर्धा लागली की सकाळी शाळेआधी अर्धी वसाहत त्यांच्या खोलीत कोंबलेली असायची. एखादा खेळाडू पार लांबून उडी मारायचा, हवेत तरंगल्यासारखा दिसायचा, आणि त्या घरच्या काकूंच्या हातातला चहा दर वेळी सांडायचा. खेळाचे नियम त्यांना ठाऊक नव्हते. माणूस एवढा वर गेला तर खाली कसा येणार, याचीच त्यांना काळजी.

वडील निवृत्त झाले तसे आम्ही आमच्या गावी, शेणव्याला परतलो. पुढे ते वारले, मी लग्न करून मुरबाडला गेले, तिथल्याच एका शाळेत चित्रकला शिकवते. भाऊ हायवेवरच्या गोदामात कामाला लागला, पण त्याचं खेळणं सुटलं नाही.

मी सुट्टीत माहेरी आले होते. त्या रात्री ओटीवर बसून मी त्याला म्हटलं, "वय बघ आपलं. साधा एक डंक मार आणि ये."

"साधा कोण बघतो ताय? उलटा मारून झाला, गोल फिरून झाला, गाडीवरून झाला. लोक रोज फोनवर बघतात, बोटाने वर सरकवतात. आता हवेत उडालेल्या माणसाकडे कोण मान वर करून बघत नाय."

"मग कशाला जातोस?"

त्याचा बेत मात्र ठरला होता. एक मित्र रिंगेसमोर स्टुलावर बसणार, चेंडू डोक्यावर धरणार. हा धावत येणार, त्याच्या डोक्यावरून उडी मारता मारता चेंडू उचलणार आणि रिंगेत घालणार. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही पोचलो तर दोन कार्यकर्ते काठी लावून रिंगेची उंची मोजत होते. कोर्टावर नव्याने काँक्रीट टाकल्यामुळे जमीन वर आली होती आणि रिंग आपोआप खाली. "बरंच झालं आपल्याला," भाऊ हळूच म्हणाला. मला तेवढाच धीर आला. तेवढ्यात मित्राचा फोन आला. बायकोने त्याला घराबाहेर पडू दिलं नव्हतं. डोक्यावरून कोणी उडी मारणार म्हटल्यावर तिने दाराला कडीच लावली होती.

फोन ठेवून भाऊ माझ्याकडे बघायला लागला.

"नाय," मी म्हटलं.

"तू फक्त बसून रा. बाकी मी बघतो."

"मी शिक्षिका आहे रे. माझ्या शाळेची मुलं आली असतील इथं."

"दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाय, ताय."

मी त्याच्या हातातून चेंडू घेतला.

स्पर्धा सुरू झाली आणि तो म्हणाला होता ते खरंच निघालं. पोरं चांगली होती. एकाने उलटा डंक मारला, एकाने पायाखालून चेंडू काढला. पण टाळ्या वाजेनात, कारण सगळ्यांच्या हातांत फोन होते. जो तो पडद्यावर बघत होता. माइकवरचा माणूस घसा कोरडा करून "जोरदार टाळ्या!" म्हणत होता. परीक्षक प्रत्येकाला नऊ नाहीतर दहा देत होते. कोणाचा डंक चुकला की पुन्हा संधी, पुन्हा चुकला की पुन्हा. लोक जांभया देऊ लागले. माझ्या मागचा एकजण म्हणाला, "यापेक्षा म्हशाच्या जत्रेतला मौत का कुआं बरा."

तेव्हा आमची पाळी आली. मी ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि स्टुलावर बसले. चेंडू डोक्यावर धरला. तळहातांना एवढा घाम आला होता की तो निसटेल असं वाटत होतं. भाऊ दूर गेला, वळला आणि धावत आला. त्याच्या बुटांचे आवाज जवळ जवळ येत गेले आणि माझी मान आपोआप खाली गेली. तो ऐन वेळी थांबला.

"ताय, मान हलवू नको. तू हललीस तर मला लागेल."

मला लागेल, असं तो म्हणाला. मला नेमकी त्याला लागण्याचीच भीती होती.

दुसऱ्या वेळी तो उडाला. चेंडू माझ्या हातातून गेला, पण त्याचा गुडघा माझ्या खांद्यावर आदळला. मी स्टुलासकट तिरकी झाले. चेंडू रिंगेच्या कडेला लागून उडाला आणि भाऊ दोन्ही हातांवर काँक्रीटवर पडला.

मी खांदा चोळत उठले तेव्हा दिसलं, की लोकांचे फोन खाली आले होते. सगळे उभे राहून त्याच्याकडे बघत होते. तो उठला, दोन पावलं लंगडला, मग पाय झटकून सरळ उभा राहिला. तळहात सोलवटले होते. जवळ आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"लागलं का गो?"

"तुझा पाय बघू."

"पाय बरा आहे. चल, बाजूला हो. साधाच मारतो."

हेच तर मला आठवडाभर हवं होतं. पण त्याची नजर माझ्या खांद्यावरून हलत नव्हती. मला दिसलं, की हा असाच घरी गेला तर ही धास्ती याच्या पायात कायमची बसेल. किंवा पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी स्टुलावर बसवेल आणि मी तिथे नसेन. मी स्टूल सरळ केलं, जरा पुढे ओढलं आणि बसले.

"अगो ऊठ ना!"

"उठत नाय. तू धाव."

चेंडू धरला आणि डोळे गच्च मिटले. बूट वाजत आले. मग ते वाजायचे थांबले. डोक्यावरून वारा गेला, हात रिकामे झाले, मागे रिंग खणखणली. त्यानंतर जो ओरडा उठला तो ऐकूनही मला खात्री पटेना. डोळे उघडले तेव्हा तो जमिनीवर दोन्ही पायांवर उभा होता आणि माइकवरच्या माणसाला बोलायचं सुचत नव्हतं.

पहिला नंबर दुसऱ्याच एका मुलाला मिळाला. आमच्या चुकलेल्या उड्यांचे गुण कापले होते. भावाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. कोर्टाबाहेर कोणी तरी आम्हाला व्हिडिओ दाखवला. एक माणूस धावतो, बसलेल्या बाईवरून जातो, चेंडू आत जातो. चार श्वासांत संपला. मला त्यात काही विशेष दिसेना.

घरी आईला आम्ही फक्त "झाली स्पर्धा" एवढंच सांगितलं. पण आम्ही जेवायला बसलो आणि मावशीच्या सुनेने तोच व्हिडिओ आईच्या फोनवर पाठवला. आईने चष्मा लावला.

"ही खाली बसलेली कोण? ओढणी तुझ्यासारखी आहे."

आम्ही दोघं ताटात बघत राहिलो. फोनमधून बुटांचे आवाज यायला लागले. आईने एक हात तोंडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने, फोनवरची नजर न काढता, समोर जेवत बसलेल्या भावाचं मनगट घट्ट धरलं.

"अरे, पडतो का काय हा?" ती म्हणाली.