आबांची लांबची हाळी

मेसेज पाठवायचा असला की सखारामआबा आधी ओटीच्या कडेला जाऊन उभे राहायचे. मोबाईल छातीशी धरायचा, एकदा ओढ्यापलीकडच्या वाडीकडे बघायचं, एकदा खाली रस्त्याकडे बघायचं, घसा खाकरायचा, आणि मग खाली बसून एका बोटानं टाईप करायला लागायचं. आता मेसेजला घसा कशाला लागतो, हे मला कधी कळलं नाही. विचारायला गेलं तर बोट वर करून ‘थांब’ म्हणायचे. मग थांबा! मेसेज जाईपर्यंत माझा चहा निवून जायचा.

आबा आमचे शेजारी. आमचं गाव पोलादपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. गावकीची बैठक असो, कुणाचं लग्न असो की मयत, गावाला हाळी द्यायचं काम आबांच्या घराकडे. माझ्या लहानपणी आबा ओटीवर उभं राहून ‘उद्या सकाळीऽऽऽ बैठक हाय होऽऽऽ’ अशी हाळी द्यायचे, की ओढ्यापलीकडची वाडी जागच्या जागी ‘होऽऽऽ’ म्हणायची. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरलं ते नुसतं कुजबुजणं. त्याच सुमारास गावात घरोघरी मोबाईल आले होते. गावकीनं ठरवलं, आबांचं काम आबांकडेच राहू दे, हाळीऐवजी मेसेज करा.

आणि इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. मी महाडच्या एका हायस्कूलात मराठी शिकवते. रोज एसटीनं जाते-येते. आबांचे ग्रुप तीन. एक गावातला, एक आमच्यासारख्या महाडला कामाला जाणाऱ्यांचा, एक मुंबई मंडळाचा. पहिल्या दोन्हींत मी होते. गावातल्या ग्रुपवर यायचं, ‘उद्या पाणी येणार नाही!’ आणि तेच महाडवाल्यांच्या ग्रुपवर, ‘उद्या पाणी येणार नाही!!!!’ आता गावातल्या पाण्याचा महाडला एवढा आक्रोश कशासाठी? गावात बसलेला माणूस तहानेनं मरणार, आणि उद्गारचिन्हं आम्हाला! मंडळाच्या ग्रुपवर तर, म्हणे, ओळच्या ओळ दांडे उभे असायचे. तिकडचे लोक हसायचे. ‘आबा चिडलेत’ म्हणायचे, ‘आबा खूश आहेत’ म्हणायचे. नक्की काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. मग काकी गेली.

काकी म्हणजे आबांची वहिनी. आबांच्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा आबा एवढेसे होते, आई नव्हती. काकीनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. भाऊ पुढे लवकर गेला. काकीचा एकुलता मुलगा संदीप मुंबईला कंपनीत. काकी भरदुपारी गेली, तांदूळ निवडता निवडता. संदीपचा फोन लागेना. आबांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, ‘संदीपची आय गेली’, आणि त्यापुढे उद्गारचिन्हं. किती म्हणाल? मला नंतर दाखवलं कुणीतरी. दोन ओळी भरून तिसरीत गेली होती.

संदीपला आपली आई गेल्याचं कळलं ते हे असं. जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडताना. तो आला, सगळं रीतीनं केलं, तेराव्यापर्यंत आबांशी एक शब्द बोलला नाही. जाताना घराला कुलूप घातलं, चावी आमच्या आईजवळ दिली आणि मला म्हणाला, “ताई, लोकं वाढदिवसाच्या बॅनरवरपण एवढं टाकत नाहीत गं. माझी आई मेली आणि काकानं जल्लोष केला.”

त्या चिन्हांचा अर्थ मला तरी कुठे कळला होता!

आबांना हे समजलं तेव्हा ते ओटीवरून उठून आत गेले ते दोन दिवस बाहेर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. कुजबुजत म्हणाले, “बाय गो, तू शाळंत शिकवतीस ना? ही काठी कवा मारायची नि कवा नाय, त्ये मला नीट सांग.”

मी आपली पाठ्यपुस्तकातली व्याख्या सांगितली. मनातली भावना उत्कट असेल तिथे वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह द्यायचं. हर्ष, शोक, आश्चर्य, तिरस्कार. उदाहरणंही दिली, शाब्बास! अरेरे!

आबा विचारात पडले. “म्हंजे पोरगा पास झाला तरी हीच, नि नापास झाला तरी हीच?”

“हो.”

“मंग वाचणाऱ्यानं हसायचं का रडायचं?”

“ते वाक्यावरून कळतं, आबा.”

“वाक्यावरून कळतं तर काठी कशाला?”

पंधरा-वीस वर्षं शिकवते आहे, एकाही पोरानं हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, दुःखाच्या बातमीला शक्यतो देऊ नये, बरं दिसत नाही. तर म्हणाले, “महाडच्या चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लागतो, त्याच्यावं असती की. त्यांचं चालतं, माझंच नाय चालत?” दुसऱ्या दिवशी मुद्दाम एसटीतून मान काढून बघितलं. होती. फुलांच्या हारासकट छान रंगवून होती! मी कपाळावर हात मारून घेतला.

आबांनी मग काठ्या मारणंच सोडलं. ‘उद्या बैठक आहे.’ ‘लाईट जाणार आहे.’ कोरडे ठणठणीत मेसेज. तर लोक माझ्याकडे विचारायला! “आबा आजारी हायेत काय?” “आबा गावावर रुसलेत काय?” वरच्या वाडीतली एक म्हातारी तर भाकरी बांधून घेऊन ओढा उतरून आबांना बघायला आली. बैठकीला निम्मी माणसं आली नाहीत. म्हणे, मेसेजमध्ये जोरच नव्हता, आम्हाला वाटलं बैठक नेहमीचीच असेल. एवढा सगळा घोळ एका काठीपायी!

माघ सरत आला, तशी आबांची घालमेल वाढायला लागली. शिमग्याला आमच्याकडे देवाची पालखी घरोघर जाते. ज्याच्या घराला कुलूप, त्याच्या दारात पालखी थांबत नाही, पुढे जाते. काकीच्या दारावरून पालखी तशीच पुढे जाणार, हे आबांना सहन होईना. “वहिनीनं एक शिमगा चुकवला नाय गो,” एवढंच म्हणायचे. मी म्हटलं, आमच्याकडे चावी आहे, तुम्ही उघडा. आबांनी नकारार्थी मान हलवली. “मालक त्यो हाय. त्याच्या मनात नसताना मी कसं उघडू?”

एका संध्याकाळी मी वैतागून विचारलंच, “आबा, एकदा सांगा तरी, तुम्ही त्या काठ्या मारायचात कशाच्या हिशोबानं?”

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच खुळी. म्हणाले, “हाळीच्या. खालच्या आळीला थोडा आवाज पुरतो. महाडला जास्ती काढाया लागतो. मुंबय लय लांब.”

अगं बाई! माणूस इतकी वर्षं ओरडत होता आणि आम्ही सगळे त्याचा राग आणि आनंद मोजत बसलो होतो.

मी लगेच संदीपला फोन केला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, मुंबईला एरवी जेवढ्या काठ्या येतात त्यापेक्षा त्या दिवशी कितीतरी जास्त होत्या. मी इथंच राहतो ना? मुंबई त्या दिवशी लांब गेली काय?” आणि फोन ठेवला. झालं. मला वाटलं होतं, गाठ सुटली. ती आणखी बसली. त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. मी जुने मेसेज मागवून पडताळले. खरंच, एरवी एक ओळ, फार तर. त्या दिवशी तिप्पट. आबांनाच विचारावं म्हटलं, पण ‘तुम्ही इतकं का ओरडलात’ हे त्यांच्या तोंडावर कसं विचारू?

शिमग्याच्या दिवशी सकाळी संदीप आला. बायकोनं पाठवलं असावं. आमच्या ओटीवर बसला, चहा प्यायला, चावीचं नाव काढेना. ढोल वरच्या आळीत वाजत होते, पालखी यायला फार वेळ नव्हता. तेवढ्यात आबा आले. धोतर नवं, चेहरा उतरलेला. दोघं समोरासमोर, आणि मध्ये मी, चहाची किटली घेऊन उभी.

संदीपनं मोबाईल काढला. तोच मेसेज त्यानं अजून ठेवला होता. तो आबांच्या पुढ्यात धरून म्हणाला, “काका, ताई सांगते तुम्ही हाळी दिलीत म्हणून. मंग एवढी मोठी कशाला? मी काय बहिरा हाय?”

आबांनी त्या काठ्यांवरून बोट फिरवलं. मग त्याच्या अगदी जवळ सरकले, कारण ढोलांत त्यांचं कुजबुजणं ऐकू आलं नसतं.

“तुझ्यासाठी पयल्या व्हत्या रं. बाकीच्या वहिनीला. ती लय लांब गेली व्हती.”

संदीपच्या हातात मोबाईल तसाच. त्यानं विचारलं, अगदी लहान मुलानं विचारावं तसं, “आयकलं असंल तिनं?”

“काय ठाव,” आबा म्हणाले. “माझा आवाज ऱ्हायलाय कुठं आता?”

ढोल आमच्या आळीत शिरले. संदीपनं डोळे पुसले, माझ्या हातातली किटली काढून खाली ठेवली आणि आत माझ्या आईला हाक मारली, “मावशी, चावी द्या आमची! पालखी आली!” आणि आबांचा दंड धरून तो जवळजवळ पळतच काकीच्या दाराकडे निघाला.