चप्पल हातात असलेली बाई

तो व्हिडिओ मला पहिल्यांदा दाखवला एका नवरीच्या आईनं. मी परंड्यात ब्लाऊज शिवते, आणि तिच्या लेकीचं लग्नाचं शिवणकाम माझ्याकडं होतं. तिनं मोबाईल पुढं धरला आणि विचारलं, "मावशी, ह्या तुम्हीच ना?"

मीच होते. नगरपालिकेच्या बागेत, उजव्या हातात चप्पल उगारून, समोरच्या वयस्कर माणसाला काहीतरी बोलत होते. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं, कारण कुणीतरी त्यावर हलगी लावली होती.

झालं होतं ते एवढंच. बसून बसून गुडघे धरले म्हणून डॉक्टरांनी मला सकाळी चालायला सांगितलंय. हिरवळीवर अनवाणी चाललेलं चांगलं असतं, म्हणून मी चपला बाकाखाली काढून ठेवते. समोरचे ते म्हणजे पेठेतले कापडवाले मालक. अस्तर, हुक, दोरा, माझं सगळं सामान त्यांच्याच दुकानातून येतं. त्यांच्या लेकीनं पुण्याहून एक कुत्रं पाठवलं होतं. वासराएवढं, पण स्वभावानं गरीब. मालक त्याला बागेत मोकळं सोडायचे. त्या दिवशी त्यानं माझी एक चप्पल तोंडात धरली, मेंदीच्या कुंपणापलीकडं गेलं आणि रिकाम्या तोंडानं परत आलं.

मी म्हणाले, बांधून आणत जा. ते म्हणाले, चावत नाही ते. मी म्हणाले, चावत नसेल, चपला नेतं. त्यावर ते म्हणाले, नेली असेल एखादी, ती तुमचीच कशावरून? मग मी बाकाखालची दुसरी चप्पल उचलून त्यांच्या डोळ्यांपुढं धरली आणि म्हणाले, ही बघा तिची जोडीदार. पोलीस भरतीसाठी पळायला येणाऱ्या एका पोरानं नेमका तिथून पुढं व्हिडिओ काढला.

पहिले दोन दिवस लोक कुत्र्याच्या बाजूनं होते. मुक्या जनावरावर चप्पल उगारणारी बाई, असं त्याखाली लिहून आलं. मला आत टाका, असं कुठल्यातरी लांबच्या गावच्या माणसानं लिहिलं होतं. व्हिडिओत कुत्रं एका कडेला बसून कान खाजवत होतं, पण त्याकडं कुणी बघितलं नाही. काहींचं म्हणणं होतं की वडीलधाऱ्या माणसाशी असं वागू नये. हे मला पटलं होतं, पण मी तसं वागले नव्हते.

मग वारं फिरलं. एक शिक्षिका ब्लाऊजचं माप द्यायला आल्या आणि मोजून घेता घेता हळूच म्हणाल्या, "बरं केलंत. असल्यांना असंच पाहिजे."

आधी मला वाटलं, कुत्र्यांबद्दल म्हणतायत. मग लक्षात आलं. मी सांगितलं, बाई, तसलं काही नाही, कुत्र्यानं चप्पल नेली. त्यांनी माझा हात दाबला. बदनामीची भीती असते, आम्हाला कळतं, म्हणाल्या.

त्यानंतर मी प्रत्येकीला चपलेचं सांगितलं, आणि जितकं सांगितलं तितका त्यांचा विश्वास पक्का होत गेला. महिला मंडळ शाल आणि नारळ घेऊन सत्कार करायला निघालं. मी नको म्हणाले, तर बाई साधी आहे असं ठरलं. नवी गिऱ्हाइकं येऊ लागली. त्यातल्या काहींना काही शिवायचंच नव्हतं; त्या खुर्चीवर बसून, माझ्या उजव्या हाताकडं बघून जायच्या. तामलवाडीहून भावाचा फोन आला. माणसं घेऊन येतो म्हणाला. एका चपलेसाठी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, कारण कसलं का असंना, जीप ठरवलीय. जीप परत पाठवायला त्याला बराच वेळ लागला.

मालकांच्या दुकानाकडं मी फिरकले नाही. अस्तर बार्शीहून मागवलं, त्याचा रंग कशालाच जुळेना. खरं सांगायचं तर त्यांचा राग होताच. माझी चप्पल गेली होती आणि त्यांनी ते अजून कबूल केलं नव्हतं. लोकांचे गैरसमज निस्तरणं काही माझं काम नव्हे, असंही मनात यायचं. ते कसे आहेत, हे मी कुणाला विचारलं नाही.

मग एका दुपारी त्यांची बायको आली. इतक्या वर्षांत ती माझ्याकडं कधी आली नव्हती. तिनं खणाचं कापड दिलं, माप दिलं. बाह्या किती लांब ठेवायच्या ते सांगितलं. मी टेप गुंडाळत होते तेव्हा ती म्हणाली, "ताई, एक विचारू? खरं सांगा. ह्यांनी काय वावगं केलं का?"

"न्हाय," मी म्हणाले. "कुत्र्यानं चप्पल नेली. त्यांना ती माझी वाटंना, एवढंच."

"हे पण तेच सांगत व्हते," ती म्हणाली. "पण सून चार दिवस झालं त्यांच्यापुढं येऊन जेवाय वाढीना."

मी तिला पाणी दिलं. ती गेल्यावर मशीनवर बसले, पण त्या दिवशी टीप सरळ आली नाही.

बाजाराच्या दिवशी मी दुकानात गेले. मुद्दाम गर्दीच्या वेळी गेले. मालक गादीवर होते, आधीपेक्षा वाळलेले दिसले. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मालक, तुमच्या कुत्र्यानं माझी चप्पल नेली. बाकी तुमची माझी काय तक्रार न्हाय. लाल अस्तर दाखवा."

त्यांनी स्वतः उठून गठ्ठा काढला. अस्तर मोजून कापलं. "नेली असंल," ते म्हणाले. "कुत्रं माझंच हाय."

त्यांच्या मुलाला एवढ्यावर समाधान नव्हतं. त्यानं आम्हा दोघांना दुकानापुढं उभं केलं, मधे कुत्रं बसवलं आणि खुलाशाचा व्हिडिओ काढला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मालकांनी हात जोडले. तो व्हिडिओ फारसा कुणी बघितला नाही. ज्यांनी बघितला त्यातल्या एकानं खाली लिहिलं, बाईवर दबाव दिसतोय. पुढच्या आठवड्यात बसस्थानकात एक वळू शिरला, त्याचा व्हिडिओ आला आणि आमचा मागं पडला. सुनेनं मात्र आमचा बघितला होता. ती वाढायला लागली, असं मालकिणीनं कळवलं.

आता मालक कुत्र्याला दोरी लावून आणतात, आणि मालकीणबाई माझ्याबरोबर चालतात. ही त्यांचीच कल्पना. आपण दोघी एकत्र दिसलो की लोकांना कळंल, म्हणाल्या. परवा बागेत एका ओळखीच्या बाईनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, जपून राहा, ह्या त्यांच्याच घरच्या आहेत.

मालकीणबाईंनी विचारलं, काय म्हणत होती? मी सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून किती तरी वेळ हसल्या. मग म्हणाल्या, पाय दुखायले, जरा बसू.