साडूंनी पसंत केलेली काठी

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून आमच्या साडूंइतका चिकित्सक माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर साडू त्याला आधी उन्हात उभा करतील, चारी बाजूंनी फिरवून बघतील, दोन दिवस घरी ठेवून घेतील आणि मगच "चालंल" म्हणतील. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, ते यजमान. ते राहायला मिरजेत, मी साताऱ्यात. चप्पल घ्यायची तर ती पायात घालून ते दुकानाबाहेर पडतात, बाजारातून एक फेरी मारतात आणि वाटेत कुणी ओळखीचं भेटलं की मुद्दाम बराच वेळ उभे राहून गप्पा मारतात, कारण चप्पल चालताना चावत नाही, उभं राहिल्यावर चावते, असं त्यांचं मत आहे. दुकानदार आता त्यांच्यापुढे हात टेकून बसला आहे. तो चहा सांगतो आणि वाट बघतो. कलिंगड घेताना त्यांचं नुसत्या टिचकीने भागत नाही, ते कलिंगड कानाला लावतात आणि गाडीवाल्याला त्याची सगळी वंशावळ विचारतात. एकदा आमच्याकडे मुक्कामाला आले असताना त्यांनी नवी छत्री आमच्या न्हाणीघरात शॉवरखाली उघडून तपासली होती, आणि मी कामावर जायच्या घाईत टॉवेल घेऊन दाराबाहेर ताटकळत होतो.

असल्या माणसाने बायको कशी पसंत केली असेल, हा विषय आमच्या सासुरवाडीला अजून चघळायला पुरतो. बघण्याच्या कार्यक्रमाला आले तेव्हा त्यांचं लक्ष पोह्यांकडेही नव्हतं आणि मुलीकडेही. सासऱ्यांच्या घरावरचा टीव्हीचा अँटेना वाकडा झालेला त्यांना अंगणात शिरतानाच दिसला होता. आत वडीलधारी मंडळी देण्याघेण्याचं बोलत होती आणि नवरा मुलगा कौलांवर चढून अँटेना फिरवत होता. खाली टीव्हीसमोर उभं राहून "अजून जरा डावीकडं", "आता ऱ्हाऊ द्या" असं सांगायला अक्काच पुढे झाल्या, आणि चित्र स्वच्छ होईपर्यंत दोघांचं ठरूनही गेलं. अक्का मात्र अजून म्हणतात की ह्यांनी मला बघितलंच न्हाई, मीच ह्यांना बघितलं, आणि तेही खालनं.

वर चढण्याचा हा नाद साडूंना लष्करात कामी आला. त्यांची सगळी नोकरी बिनतारी संदेशांच्या मनोऱ्यांवर चढण्यात गेली. निवृत्त होऊन मिरजेला आले तर जिकडे बघावं तिकडे इस्पितळांच्या नव्या इमारती, आणि प्रत्येकीला पुढून वरपासून खालपर्यंत काच. त्यात मिरजेची धूळ. साडूंना धंदा आयताच सापडला. शिडी, दोर, बादली आणि पाणी निपटायची रबरी पट्टी एवढ्या सामानावर ते काचा पुसायला लागले. काम तर चोख होतंच, शिवाय खिडकीबाहेरून ते आतल्या पेशंटांची विचारपूस करीत. एकदा भुलीतून जाग्या होणाऱ्या एका म्हातारीला खिडकीबाहेर अधांतरी उभा राहून हात जोडणारा, भरघोस मिशांचा माणूस दिसला, तेव्हा तिनेही हात जोडले आणि एवढ्यात नेऊ नका, नातीचं लग्न व्हायचंय, अशी विनवणी केली. साडूंनी काचेतूनच हातवारे करून तिला निवांत राहायला सांगितलं म्हणे.

दोन वर्षांपूर्वी ते पडले. ओल्या फरशीवरून शिडी सरकली. पडले तेही इस्पितळाच्या दारातच, त्यामुळे अँब्युलन्स लागली नाही, नुसतं स्ट्रेचर बाहेर आलं. पायात सळई बसली. अक्का उशाशी बसून होत्या. साडू शुद्धीवर आल्यावर अक्कांनी त्यांचा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "कामासाठी परत जमिनीवरनं दोनी पाय उचललासा, तर माझ्या गळ्याची शपथ हाय."

साडू शपथेचीही चिकित्सा करणारे. स्टुलाचं काय, ओट्याचं काय, जिन्याचं काय, हे सगळं त्यांनी बारकाईने विचारून घेतलं. जिना चालेल, कारण तो जमिनीला बांधलेला असतो. स्टूल चालणार नाही, असा निकाल मिळाला. तेव्हापासून त्यांच्या घरातला दिवा गेला की अक्का स्टुलावर चढतात आणि साडू खाली स्टूल धरून सूचना देतात. पण धंदा बंद पडला. इस्पितळांच्या काचा मळत चालल्या आणि साडू काचांपेक्षा जास्त. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसत आणि मान वर करून इमारती बघत. अक्कांचा मला फोन आला, की पाव्हणं, ह्यांना कायतरी काम बघा, माणूस उभ्या उभ्या वाळाय लागलाय.

मग मीच त्यांना मोबाइलवर ती चित्रफीत दाखवली. परदेशातला एक माणूस जमिनीवर उभा राहून भलीमोठी काठी घेऊन चौथ्या मजल्याची काच धूत होता. काठी एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची, टोकाला ब्रश, आणि आतल्या बारीक नळीतून पंपाने वर चढणारं पाणी. दोन्ही पाय जमिनीवर. साडूंनी ती अनेकदा बघितली आणि म्हणाले, "बगाय जाऊया."

बघायला म्हणजे अगदी मुलगी बघायला जातात तसंच. कोल्हापूरला गेलो, पुण्याला गेलो, सांगलीत तर घरच्यासारखी ये-जा झाली. प्रत्येक वेळी साडू पांढऱ्या शर्टात, मी सोबत वडीलधारा म्हणून, आणि विक्रेत्यासाठी अक्कांनी दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. आधी कंपनीचं घराणं विचारायचं. मग ही काठी यापूर्वी कुठे दिली ते विचारून त्या माणसाला तिथूनच फोन लावायचा आणि नीट नांदतीय का, अशी चौकशी करायची. मग उंची, वजन आणि स्वभाव. अॅल्युमिनियमची काठी जड, शिवाय विजेच्या तारेला लागली तर संपलंच. काचतंतूची, म्हणजे फायबरची, दिसायला बरी, पण पूर्ण उंच केली की मान टाकते. कार्बनची हलकी, हाताला गोड, पण तिच्यातूनही वीज धावते. पाठीवर अडकवायची टाकी घेऊन ते आमच्या सोसायटीचे जिने चढून उतरले आणि शेजारचे लोक फवारणी कधी आहे म्हणून विचारायला आले. चाकांवरची टाकी बरी, पण ती साडूंच्या व्हॅनमध्ये अक्कांच्या बसायच्या जागेला धक्का न लावता मावली पाहिजे, हा हट्ट.

पाण्याचं प्रकरण तर आणखी वेगळं. या काठीने धुतलेली काच पुसायची नसते, ती आपोआप वाळते, म्हणून पाण्यात क्षार असून चालत नाही. नाहीतर थेंबाथेंबाचे पांढरे डाग उठतात. हे कळल्यापासून साडू जातील तिथल्या पाण्याची परीक्षा घेऊ लागले. म्हसवडला देवदर्शनाला गेले तिथलं पाणी, लग्नाला गेले तिथलं पाणी. थेंब टाकायला त्यांना काच लागे, आणि ती बहुतेक वेळा माझ्या चष्म्याची असे. उन्हात चष्मा वाळेपर्यंत मी आंधळ्यासारखा बसून राही. शेवटी त्यांनी घरीच पाणी शुद्ध करायची मोठी नळकांडी बसवली, पण काठी काही पसंत पडेना. हिचे जोड ढिले, तिचा ब्रश राठ, एकीचा तर रंगच पोलिसी वाटतो म्हणाले. माझी रजा संपत आली आणि सहनशक्ती त्याआधीच संपली.

पाचगणीला एका निवासी शाळेच्या खिडक्या धुणारा कंत्राटदार होता, त्याच्याकडची काठी बघायला आम्ही गेलो. तिला नाव ठेवायला जागा नव्हती. हलकी, ताठ, हाताच्या पकडीत वीज न येऊ देणारा तुकडा बसवलेली. साडूंनी ती उंच केली, तिसऱ्या मजल्याची काच धुतली आणि तशीच धरून वर बघत उभे राहिले. आता काय खोड काढता, असं मी जरा तिरसटपणेच विचारलं.

"खोड काय न्हाई, पाव्हणं," ते खाली न बघता म्हणाले. "ही घेतली की वर जायाचं निमित्तच ऱ्हात न्हाई बगा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढे दिवस हा माणूस काठी निवडत नव्हता, तर निवड पुढे ढकलत होता. शपथ आज ना उद्या सुटेल, अक्का कधीतरी विरघळतील, अशी आशा त्याने कुठेतरी जपून ठेवली होती, आणि काठी घेणं म्हणजे ती सोडून देणं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि इतके दिवस त्यांची थट्टा केल्याचीही लाज वाटली. मी एवढंच म्हणालो की अक्कांनी इतकी वर्षं खाली उभं राहून मान वर करून काढली, आता थोडे दिवस तुम्ही काढा. गाडीत बसल्यावर त्यांनी त्या कंत्राटदाराला काठी कुठून घेतली ते फोन करून विचारलं.

काठी आली. पहिलं काम त्याच इस्पितळाने दिलं, ज्याच्या दारात ते पडले होते. मी मुद्दाम साताऱ्याहून गेलो. सकाळी घरी काठीची आणि टाकीची पूजा झाली, नारळ फुटला, आणि आम्ही अक्कांसह निघालो. साडूंनी चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत काच अशी धुतली, की इस्पितळाचे व्यवस्थापक चहा हातात धरून बघत राहिले. मग ऊन आलं, काच वाळली, आणि वरपासून खालपर्यंत पिवळट ठिपके आणि ओघळ उमटले.

साडूंचा चेहरा उतरला. व्यवस्थापक भले गृहस्थ, ते फक्त म्हणाले की उद्या मोठे पाहुणे यायचेत, शिडी आमची आहे, हाताने पुसून घेता येईल का. शिडी तिथेच भिंतीला उभी होती.

तेवढ्यात अक्का पुढे आल्या. सकाळी पूजेत, शुभ व्हावं म्हणून, त्यांनी तांब्याभर कृष्णेचं पाणी हळदकुंकू घालून टाकीत ओतलं होतं. साडूंनी महिनोन् महिने गाळून, तपासून, माझा चष्मा वाळवून सिद्ध केलेल्या पाण्यात. आपल्या हाताने आपण नवऱ्याचा धंदा बुडवला असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी शिडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शपथ मी घातलीया, मीच सोडते. चढा तुमी."

साडू शिडीपाशी गेले. खालच्या पायरीवर त्यांनी एक पाय ठेवला. मी अक्कांकडे बघितलं, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पदर मुठीत घट्ट आवळून धरला होता. साडूंनीही ते बघितलं असणार. त्यांनी पाय खाली घेतला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आदी टाकीतल्या कृष्णामाईचं बगू."

कारण तीर्थ गटारात कसं ओतायचं? साडूंनी टाकी ओढत नेऊन सगळ्या आवारातली झाडं शिंपली. कडुलिंब झाला, जास्वंद झाली, कुंड्या झाल्या, आणि तरी उरलं ते त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांनी लावलेल्या तुळशीला थोडं थोडं करून जिरवलं. व्यवस्थापक मागून चालत होते, त्यांनीही एका झाडाला हात लावून नमस्कार केला. मग टाकी धुतली, घरून शुद्ध पाणी आणलं आणि सगळी इमारत पुन्हा पहिल्यापासून धुतली. यावेळी काच वाळली तेव्हा तिच्यात समोरचं आभाळ जसंच्या तसं उतरलं होतं.

आता धंदा छान चालला आहे. सांगलीपर्यंतची कामं येतात, व्हॅनमध्ये अक्कांची जागा शाबूत आहे, आणि साडूंचे गाल पुन्हा भरले आहेत. मी गेलो की कामावरही बरोबर नेतात. परवा असाच गेलो होतो. सगळी काच धुऊन झाली होती, पंपही बंद केला होता, पण साडू काठी पूर्ण उंच करून ब्रश सगळ्यात वरच्या काचेला टेकवून डोळे मिटून उभे होते. झालं ना, म्हणून मी विचारलं.

"झालं," ते म्हणाले. "पर वरचं वारं काठीतनं हाताला लागतंय. आजून जरा वर हाय मी."

अक्का व्हॅनपाशी चहा ओतत होत्या. त्यांनी ते ऐकलं, आणि साडूंच्या वाट्याचा चहा पुन्हा थर्मासमध्ये ओतून झाकण लावून ठेवला.