नवीन कचरागाडीत दीदीले जागा नाही

मंडळी, आज सकाळी तेलीबांध्यात आमच्या कॉलनीत नवीन कचरागाडी आली. ओल्या-सुक्याचे कप्पे वेगळे, डबाही स्वतःच उचलून रिकामा करते. सगळे व्हिडिओ काढून राहिले होते, मी पण.

आठ वर्षं आमचा कचरा हातानं निवडणारी सुकवारो दीदीही आली. तिनं ड्रायव्हरले विचारलं, "भैया, मैं पीछे कहाँ खड़ी रहूँ?"

"इसमें जगह ही नहीं है. कल से मत आना."

काही जण हसले. मी म्हटलं, "दीदी, बाजूला व्हा, व्हिडिओत येऊन राहिल्या तुम्ही."

"हव," म्हणून ती पायीच निघून गेली.

व्हिडिओ टाकल्यावर एकीनं विचारलं, "कोपऱ्यात रडणारी बाई कोण?" मी तेवढा भाग कापून व्हिडिओ परत टाकला.

तुम्ही त्या विचारणारीले काय उत्तर दिलं असतं?